टाटा हॉस्पिटलमध्ये बायोप्सीच्या काचा परत तपासून घेतल्या त्याचा अनुभव (सासूबाई, लघवीच्या पिशवीतली गाठ)

खूप दिवसांपासून लिहायचं मनात होतं पण वेळ मिळत नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही होत नव्हता. आता आईंची तब्येत जरा मार्गी लागलीय तर बसून सगळं लिहून काढते. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७४, आम्ही कराडजवळचे. २०१० मध्ये त्यांना छातीचा (म्हणजे स्तनाचा) कॅन्सर झाला होता, ऑपरेशन, केमो, रेडिएशन (आमच्याकडे शेक म्हणतात) सगळं झालं, नंतर पाच वर्षं गोळ्या, आणि त्यातून त्या ठणठणीत बऱ्या झाल्या. इतक्या बऱ्या की घरात तो विषयच बंद झाला होता.

हा रिव्ह्यू परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या पॅथॉलॉजी रिव्ह्यूचा आहे, म्हणजे बाहेर झालेल्या बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक तिथे नेऊन देतात आणि तिथले डॉक्टर ते नव्याने बघून आपला रिपोर्ट देतात, त्या एका सेवेचा. पूर्ण हॉस्पिटलचा नाही. पण या एका गोष्टीने आमच्या घरातलं सगळं चित्रच पालटलं म्हणून सविस्तर लिहिते, ज्यांच्या घरात आधी कॅन्सर होऊन गेलेलं माणूस आहे आणि आता भलत्याच ठिकाणी काहीतरी निघालंय त्यांनी जरा वेळ काढून वाचा.

सुरुवात झाली २०२४ च्या उन्हाळ्यात. आईंना सारखं लघवीला जावं लागायचं, अर्ध्या अर्ध्या तासाने, आणि गेल्यावर चमचाभर व्हायची. त्यांनी हे कुणाला सांगितलंच नाही, मुलाला तर लघवीचं सांगणं शक्यच नाही, मलाही नाही. माझ्या लक्षात आलं ते वेगळ्याच कारणाने, त्या भजनी मंडळाला जायच्या बंद झाल्या. दर एकादशीला न चुकता जाणारी बाई गुडघे दुखतात म्हणून घरी बसायला लागली आणि गुडघे तर आधीपासूनच दुखत होते. मग एकदा लग्नाला जाताना गाडीत त्यांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही, मे महिना, बाहेर आग ओतत होती, तेव्हा मी बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाल्या, "अगं पाणी प्यायलं की थांबवत नाही, गाडी किती वेळा थांबवायला लावू?"

मग नेहमीसारखं, लघवीचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक. पाच दिवस. फरक नाही. परत दुसरं. कल्चर (लघवीत जंतू आहेत का ते वाढवून बघायची टेस्ट) केलं तर त्यात काहीच वाढलं नाही, तरी तिसरं अँटिबायोटिक दिलं. लघवीतून रक्त कधीच गेलं नाही हे मुद्दाम सांगते, कारण लघवीच्या पिशवीचा कॅन्सर म्हटलं की न दुखता रक्त जाणं हेच पहिलं लक्षण सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते नव्हतं म्हणून आम्ही दोन अडीच महिने निर्धास्त राहिलो. पाय सुजायला लागले तेव्हा सोनोग्राफी झाली. उजवी किडनी फुगलेली, डावी थोडी, लघवीच्या पिशवीची भिंत जाड, क्रिएटिनिन ३.१ (किडनी नीट काम करत नसली की रक्तात हे वाढतं).

मग जवळच्या शहरातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलमध्ये गेलो, नाव लिहीत नाही, कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाहीये. तिथे दुर्बिणीतून बघितलं. कॅन्सर असेल तर आत फुलकोबीसारखा कोंब दिसतो म्हणे, तसं काही नव्हतं, पिशवीची भिंतच कडक आणि सुजलेली होती आणि किडनीतून येणाऱ्या नळीचं तोंड सापडेना. तेव्हा पाठीतून थेट किडनीत नळी घालून लघवी बाहेर काढली आणि भिंतीचे तुकडे दुर्बिणीतूनच खरवडून बायोप्सीला पाठवले. त्या दोन रात्री मी आईंजवळ होते. सलाईनच्या मोठ्या बाटल्या एकामागून एक पिशवीत सोडत होते आणि नळीतून बाहेर येणारा रंग बघत बसायचं, लाल, मग कोकमाच्या सरबतासारखा, मग फिका गुलाबी. नर्स म्हणाली होती रंग गडद झाला की सांगा. मी रात्रभर मोबाईलची बॅटरी लावून त्या नळीकडे बघत होते.

आठ दिवसांनी रिपोर्ट. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर, हाय ग्रेड (म्हणजे झपाट्याने वाढणारा), त्यातला प्लाझ्मासायटॉइड नावाचा प्रकार. सर्जन सांगायला स्पष्ट होते, म्हणाले हा दुर्मिळ आणि वाईट प्रकार आहे, वेळ घालवू नका, पिशवी काढावी लागेल. बाईमाणसाचं पिशवीचं ऑपरेशन म्हणजे बहुतेक वेळा गर्भाशय वगैरेही सोबत जातं, आणि आतड्याचा तुकडा वापरून लघवीला पोटावर वाट करून देतात, तिथे कायमची पिशवी लावायची. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. पुढच्या आठवड्यातली तारीखही दिली. ह्यांनी होकार देऊन टाकला होता, मीसुद्धा. आईंना आम्ही फक्त ऑपरेशन आहे एवढंच सांगितलं, पण त्यांनी शेजारच्या बेडवरच्या बाईच्या पोटावरची पिशवी बघितली होती आणि त्या काय ते समजून गेल्या होत्या. रात्री मला म्हणाल्या, "मला देवघरात बसता येईल ना गं मग?" मला उत्तर देता आलं नाही.

आता जो माणूस या सगळ्यात खरा कामाला आला त्याच्याबद्दल लिहिते. आमचे गावातले फॅमिली डॉक्टर, तीस वर्षं आईंना बघताहेत. ऑपरेशनआधी एकदा दाखवून यावं म्हणून हे फाईल घेऊन गेले आणि मी सोबत. त्यांनी रिपोर्ट वाचला, मग परत वरपासून वाचला आणि मला म्हणाले, "वहिनी, यात पेशंटच्या माहितीत काय लिहिलंय बघा." लिहिलं होतं, लघवीचा त्रास, पिशवीची भिंत जाड. बस. "छातीच्या कॅन्सरचं कुठंय? काच बघणाऱ्या डॉक्टरांना कुणी सांगितलं होतं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. ॲडमिट करताना विचारलं होतं बीपी आहे का, शुगर आहे का, आधी काही ऑपरेशन झालंय का, तेव्हा हे म्हणाले होते की चौदा वर्षांपूर्वी छातीचं झालंय, आणि ते वॉर्डच्या कागदावर कुठेतरी लिहिलंही होतं. पण बायोप्सीच्या बाटलीबरोबर जो फॉर्म लॅबला जातो त्यावर ते उतरलंच नाही. लॅब दुसरी, बिल्डिंग दुसरी, तिथल्या डॉक्टरांनी आईंना कधी पाहिलेलंच नाही, त्यांच्यासमोर फक्त काच आणि तो अर्धा फॉर्म. मी या गोष्टीवर खूप विचार केलाय. त्यांनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. त्यांना जे सांगायला हवं होतं ते सांगायची जबाबदारी आमच्यासकट बऱ्याच जणांची होती.

डॉक्टर म्हणाले ऑपरेशन दहा-बारा दिवस पुढे ढकला, किडनीला नळी घातलीय, क्रिएटिनिन उतरतंय, तेवढ्या दिवसांनी आभाळ कोसळत नाही, पण पिशवी एकदा काढली की परत बसवता येत नाही. काचा आणि ब्लॉक घ्या आणि टाटाला जा. आणि जुने २०१० चे ब्लॉक असतील तर तेही न्या.

ब्लॉक म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं, म्हणून सांगते. शरीरातून काढलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात, त्याची छोटी वडी तयार होते, प्लास्टिकच्या जाळीवर चिकटवलेली, आगपेटीपेक्षाही लहान. तिच्यातून केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेतात आणि रंगवतात. काच म्हणजे फक्त एक काप, ब्लॉक म्हणजे मूळ माल, त्यातून हवे तेवढे नवीन काप काढून नवीन टेस्ट करता येतात. म्हणून रिव्ह्यूला जाताना नुसत्या काचा नेऊन भागत नाही.

नवीन ब्लॉक मिळवायला दोन दिवस चकरा माराव्या लागल्या, उद्या या, साहेब नाहीत, अर्ज द्या, असं करत शेवटी मिळाले. ते तुमच्या पेशंटचे आहेत, मागायला लाजू नका, लेखी अर्ज द्या आणि किती काचा किती ब्लॉक घेतले त्याची नंबरासकट यादी स्वतःकडे ठेवा.

जुन्यांचं मात्र काय करायचं सुचेना. २०१० मध्ये जिथे ऑपरेशन झालं ते छोटं हॉस्पिटल कधीच बंद झालंय. मी सहज आईंना विचारलं तर म्हणाल्या मामांनी काहीतरी जपून ठेवलं होतं बाई (मामा म्हणजे माझे सासरे, २०१७ मध्ये गेले). गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात, जमिनीच्या सातबाऱ्याच्या फाईलीखाली, पिवळं पाकीट निघालं. वर मामांच्या अक्षरात लिहिलेलं, हिच्या आजाराचे कागद, टाकू नये. आत त्या वेळचा रिपोर्ट, सहा काचा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, त्यातली एक फुटलेली, आणि चार ब्लॉक एका रुमालात बांधलेले. चौदा उन्हाळे त्या कपाटात गेले होते तरी मेण जसंच्या तसं होतं. हे तिथेच जमिनीवर बसले आणि किती तरी वेळ उठलेच नाहीत.

रात्रीच्या महालक्ष्मीने निघालो, आईंना घेऊनच. पाठीतल्या नळीची लघवीची पिशवी लोकांना दिसू नये म्हणून मी त्यांच्याच जुन्या सुती साडीची थैली शिवली, खांद्यावर अडकवता येईल अशी, लोकांना वाटावं पर्स आहे. सकाळी दादर, तिथून टॅक्सीने परळ.

टाटाबद्दल दोन शब्द, कारण पहिल्यांदा जाणारे घाबरतात. गर्दी खूप असते हे सगळ्यांना माहीतच आहे, पूर्ण देशातून लोक येतात, बंगालपासून यूपीपर्यंत, पण कुठे जायचं हे सांगणारी माणसं आहेत आणि मराठीत बोलता येतं. आधी नाव नोंदवून केस फाईल काढायची, मग संबंधित ओपीडीत दाखवायचं, तिथे डॉक्टर बाहेरच्या काचा-ब्लॉक रिव्ह्यूला पाठवायला सांगतात. जाताना सगळे मूळ रिपोर्ट, त्यांच्या झेरॉक्स, आधार कार्ड, स्कॅनच्या सीडी हे सगळं एकाच फाईलीत लावून न्या. ह्यांनी विचारलं कागदांवर अणुऊर्जा विभागाचं नाव कसं काय, तर १९४१ मध्ये टाटांच्या ट्रस्टने हे हॉस्पिटल सुरू केलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. खर्चाचे आकडे मी लिहीत नाही, कॅटेगरीप्रमाणे बदलतात, पण आम्हाला रिव्ह्यूचा खर्च अजिबात जड गेला नाही एवढं सांगते.

ओपीडीत एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी आईंना पहिला प्रश्न विचारला तो लघवीचा नव्हताच. "आजी, आधी कधी मोठा आजार झाला होता का?" आणि आई काही बोलायच्या आधी मी ते पिवळं पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांनी मामांचं अक्षर वाचलं, आतला जुना रिपोर्ट उघडला आणि एका शब्दावर बोट ठेवलं, लोब्युलर, म्हणजे छातीच्या कॅन्सरचा एक प्रकार. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे आणलंत ते फार छान केलंत." फॉर्मवर त्यांनी जुन्या आजाराची सगळी माहिती स्वतः लिहिली, ऑपरेशनचं वर्ष, प्रकार, कोणत्या गोळ्या, किती वर्षं. मी बघत होते. चार ओळी होत्या.

रिपोर्ट यायला आम्हाला साधारण दहा दिवस लागले, कारण नवीन टेस्ट लावल्या होत्या आणि जुन्या ब्लॉकमधूनही काप काढून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितले होते. रिपोर्ट असा आला की पिशवीतली गाठ पिशवीची नाहीच. २०१० चा छातीचा लोब्युलर कॅन्सर चौदा वर्षांनी लघवीच्या पिशवीच्या भिंतीत येऊन बसलाय.

हे कसं ओळखलं ते मी त्या मॅडमना खोदून खोदून विचारलं आणि त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, जसं समजलं तसं लिहिते. आपल्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारा एक डिंक असतो, त्याचं नाव ई-कॅडहेरिन. लोब्युलर कॅन्सरमध्ये हा डिंक नाहीसा होतो, त्यामुळे पेशी गोळा होऊन गाठ बनण्याऐवजी सुट्ट्या सुट्ट्या पसरतात, मोहरी सांडल्यावर पसरते तशा, कधी एकामागे एक रांग करून. आणि पिशवीचा तो जो प्लाझ्मासायटॉइड प्रकार आहे ना, त्यातही हाच डिंक गेलेला असतो, पेशी तशाच सुट्ट्या. म्हणजे काचेवर दोघं जुळ्या भावंडांसारखे दिसतात. पहिल्या लॅबने काही रंगाच्या टेस्ट केल्या होत्या, त्यात अँटिबॉडी लावतात आणि चिकटली की ती पेशी तपकिरी होते. त्यातली मुख्य होती गाटा-३, ती पॉझिटिव्ह आली म्हणून पिशवीचा कॅन्सर म्हटलं. पण गाटा-३ पिशवीच्या कॅन्सरमध्ये जशी पॉझिटिव्ह असते तशी छातीच्या कॅन्सरमध्येही असते. ज्याला छातीचा इतिहास माहीतच नाही तो त्या दिशेला कशाला जाईल?

टाटामध्ये त्यांनी पुढे जाऊन हार्मोनच्या टेस्ट लावल्या, ईआर आणि पीआर, दोन्ही जोरदार पॉझिटिव्ह. छातीच्या पेशी ओळखायची मॅमाग्लोबिन म्हणून एक टेस्ट, ती पॉझिटिव्ह. पिशवीच्या पेशी ओळखायच्या युरोप्लाकिन आणि पी-६३, दोन्ही निगेटिव्ह. आणि अजून एक खूण होती जी मला सगळ्यात जास्त पटली. पिशवीचा कॅन्सर आतल्या अस्तरापासून सुरू होतो, इथे तर अस्तर वरून अगदी स्वच्छ, नॉर्मल होतं आणि सगळ्या वाईट पेशी त्याच्या खाली भिंतीत शिरलेल्या होत्या. म्हणजे आतून उगवलेलं नाही, बाहेरून आलेलं. घराचा रंग चांगला आहे आणि भिंत आतून ओली आहे असं काहीतरी. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की दुर्बिणीतून कोंब का दिसला नाही आणि रक्त का गेलं नाही.

मॅडम म्हणाल्या एक टेस्ट बघून ठरवत नाही आम्ही, कारण अशा टेस्ट कधी कधी दोन्हीकडे थोड्याफार पॉझिटिव्ह येतात, म्हणून चार-पाच एकत्र बघायच्या, आणि सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे जुना ब्लॉक. तो समोर ठेवला की दोन्हीकडच्या पेशी हुबेहूब एक. मामांच्या रुमालातली ती मेणाची वडी.

मी विचारलं, छातीचा कॅन्सर आणि लघवीच्या पिशवीत? तर म्हणाल्या पिशवीत दुसरीकडून कॅन्सर येणं मुळातच कमी, आणि आलाच तर बहुतेक शेजारून, मोठं आतडं, प्रोस्टेट, गर्भाशयाचं तोंड इथून. छातीतून येणं तर फारच क्वचित. पण लोब्युलर प्रकाराची खोडच अशी की तो चमत्कारिक जागी जातो, जठर, आतडी, पोटाचं आवरण, अंडाशय. आणि हार्मोन पॉझिटिव्ह असला की दहा-पंधरा वर्षं गप्प बसून नंतर डोकं वर काढू शकतो. आम्हाला कुणी हे सांगितलं नव्हतं. पाच वर्षं झाली, गोळ्या बंद झाल्या, सगळ्यांनी अभिनंदन केलं, मामांनी सत्यनारायण घातला, नंतर दोन-तीन वर्षं चेकअपला गेलो, मग मामा गेले, मग कोरोना आला आणि ते सुटलंच. ही चूक आमची आहे आणि ती मला आजही बोचते.

पेट स्कॅनचं पण सांगून ठेवते कारण त्यात आम्ही फसलो असतो. पेटमध्ये साखरेसारखं औषध टोचतात, जिथे कॅन्सर तिथे ते जमा होऊन चमकतं. पण ते औषध शेवटी लघवीवाटेच बाहेर पडतं, म्हणजे लघवीची पिशवी सगळ्यांचीच चमकते, आजार असो नसो. शिवाय लोब्युलर प्रकार साखर फार ओढत नाही म्हणून तो फिका दिसतो. आमच्या स्कॅनमध्ये पिशवीबद्दल काही धड कळलं नाही, मणक्यातला एक डाग तेवढा दिसला. पेट क्लिअर आहे म्हणजे काही नाही, किंवा पेटमध्ये पिशवी चमकतेय म्हणजे कॅन्सरच, दोन्ही समज चुकीचे.

आता यामुळे काय बदललं ते बघा. पिशवीचा कॅन्सर असता तर पिशवी काढून, पोटावर पिशवी लावून, जमली तर केमो. छातीचा पसरलेला कॅन्सर म्हटल्यावर पिशवी काढून काहीच उपयोग नव्हता, कारण तो फक्त तिथे नाहीच. आईंना एवढ्या मोठ्या ऑपरेशनमधून नेलं असतं आणि मूळ आजाराला औषधच दिलं नसतं. हा विचार अजूनही रात्री मनात येतो. त्याऐवजी आता गोळ्या सुरू आहेत. लेट्रोझोल (हार्मोन कमी करणारी) रोज एक, आणि पाल्बोसायक्लिब तीन आठवडे घ्यायची, एक आठवडा सुट्टी. ही दुसरी गोळी आधी सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती, २०२३ मध्ये पेटंट संपलं आणि भारतातल्या कंपन्यांच्या जेनेरिक आल्या म्हणून आमच्यासारख्यांना झेपतेय. तिने पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून रक्त सारखं तपासावं लागतं, ते आम्ही कराडलाच करतो आणि रिपोर्ट पाठवतो. दोनदा पेशी फार उतरल्या म्हणून गोळी थांबवावी लागली, नंतर डोस कमी केला.

आजार पूर्ण जाणार नाही हे मॅडमनी आम्हाला बाहेर बोलावून नाही, आईंसमोरच सांगितलं, शांतपणे, त्यांचा हात धरून. "आजी, हा पाहुणा घरातून जाणार नाही, पण त्याला कोपऱ्यात बसवून ठेवता येईल." आईंनी विचारलं किती दिवस, तर म्हणाल्या काही जणींना वर्षानुवर्षं बसवून ठेवता येतं, आपण बघत राहू. मला आधी वाटलं होतं की आईंना खरं सांगू नये. पण त्या दिवसापासून आई उलट मोकळ्या झाल्या, लघवी किती वेळा झाली हेसुद्धा आता सगळ्यांसमोर सांगतात.

चार महिन्यांनी सोनोग्राफीत पिशवीची भिंत पातळ झालेली दिसली, क्रिएटिनिन १.४ वर थांबलंय. पाठीतली नळी निघाली, आता आतल्या आत स्टेंट (किडनीपासून पिशवीपर्यंत बारीक नळी) आहे, तो दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, त्याने थोडी जळजळ होते तेवढीच. लघवी दोन-अडीच तास थांबते. कार्तिकी एकादशीला पूर्ण भजनाला बसल्या, मध्ये एकदाच उठल्या.

रेटिंग द्यायचं तर त्या रिव्ह्यूला आणि त्या मॅडमना पाचपैकी पाच, कमी द्यायला मला कारणच सापडत नाही. आमच्या गावातल्या डॉक्टरांना त्याहून जास्त, त्यांनी त्या दिवशी तपासायची फीसुद्धा घेतली नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी अजून थोडं. मोठं ऑपरेशन सांगितलं असेल आणि कॅन्सरचा प्रकार दुर्मिळ आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलं असेल तर आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा की काचा दुसरीकडे दाखवू का, आणि तेवढे दिवस थांबलं तर चालेल का हेही त्यांनाच विचारा, मनाने थांबू नका. आम्ही त्या सर्जनना टाटाचा रिपोर्ट नेऊन दाखवला, त्यांनी पूर्ण वाचला आणि म्हणाले बरं झालं तुम्ही गेलात, मला त्यांच्याबद्दल अजिबात राग नाही. बायोप्सीच्या बाटलीबरोबर जो फॉर्म लॅबला जातो तो भरताना तिथे उभे राहा आणि जुना आजार त्यावर लिहून घ्या, त्यांच्या वॉर्डच्या केसपेपरवर आहे म्हणून गप्प बसू नका. आणि ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर वगैरे ठेवू नका, मेण आहे ते. काम झालं की परत मागून घ्या. आमचे सगळे आता त्याच पिवळ्या पाकिटात आहेत, वरती आईंच्या फाईलीला मी लाल पेनाने मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय, २०१० छातीचा कॅन्सर लोब्युलर, आणि कुठल्याही दवाखान्यात गेलं की तोच कागद पहिला पुढे करते, दातांच्या डॉक्टरकडे गेलो तरी.

स्टेंट बदलायची पुढची तारीख नवरात्रात येत होती. आईंनी सांगितलंय घट उठले की मगच जायचं, मॅडमना फोन करून विचारलं, आठ दिवस पुढे चालेल म्हणाल्या.